सभाधीटपणाची तालीम : वक्तृत्व क्लबांचा आढावा

सार्वजनिक भाषणाचा सराव करण्यासाठी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जमणारा छोटा गट म्हणजे वक्तृत्व क्लब. पंधरा ते तीस माणसे, आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, दीड-दोन तास. शाळेचा वर्ग, वाचनालयाचा हॉल किंवा कंपनीची बैठकीची खोली एवढ्यावर त्याचे भागते. इथे गुरुजी नसतात. सभासद आळीपाळीने बोलतात, ऐकतात, एकमेकांच्या भाषणांबद्दल मत देतात आणि पुढच्या बैठकीला पुन्हा येतात. व्याख्यानमालेत एक बोलतो आणि शेकडो ऐकतात. वक्तृत्व स्पर्धेत बोलणारे अनेक असले तरी प्रत्येकाच्या वाट्याला संधी एकच येते आणि निकाल लागला की मंडळी पांगतात. शिकवणीवर्ग काही आठवड्यांत संपतो. क्लब संपत नाही, आणि त्याची उपयुक्तता बरीचशी या न संपण्यात आहे.

श्रोत्यांसमोर उभे राहिल्यावर घशाला कोरड पडणे, हात थरथरणे, पाठ केलेले वाक्य ऐन वेळी न आठवणे हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याभोवती दंतकथा जमल्या. माणसे मरणापेक्षा भाषणाला अधिक घाबरतात, हे विधान त्यांतलेच. त्याचे मूळ १९७३ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत आहे. भीती वाटणाऱ्या गोष्टींच्या यादीवर लोकांनी खुणा केल्या, तेव्हा समूहापुढे बोलणे सर्वांत वर आले. २०१२ साली दोन संशोधकांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. भाषणाची भीती आजही सर्वाधिक लोक नोंदवतात हे खरे निघाले, पण सर्वांत मोठी भीती कोणती असे विचारल्यावर मरणच पहिले आले. म्हणजे ही भीती फार लोकांना असते. फार खोल असतेच असे नाही.

तिच्या चढ-उताराची रीतही बरीच ठाऊक झाली आहे. भाषणाच्या आधी वाट पाहताना हृदयाचे ठोके वाढतात, पहिल्या मिनिटाच्या आसपास ते शिखरावर पोहोचतात आणि नंतर बहुतेकांच्या बाबतीत आपोआप उतरू लागतात. जो माणूस आयुष्यात दोनदाच व्यासपीठावर गेला आणि दोन्ही वेळा ‘माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून मिनिटभरात खाली उतरला, त्याला हा उतार कधी भेटतच नाही. त्याच्या आठवणीत फक्त चढ राहतो. दुसरी गोष्ट श्रोत्यांच्या नजरेची. आपली धडधड समोरच्यांना स्पष्ट दिसते असे बोलणाऱ्याला वाटत असते. प्रत्यक्षात ती त्याच्या समजुतीपेक्षा कितीतरी कमी दिसते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ही वस्तुस्थिती भाषणाआधी नुसती समजावून सांगितल्यावर विद्यार्थ्यांची भाषणे सुधारली, त्यांच्या स्वतःच्या मतेही आणि श्रोत्यांच्या मतेही. भीतीवरच्या उपायांचा १९८९ सालचा एक एकत्रित अभ्यास सांगतो, की केवळ कौशल्य शिकवणे, केवळ भीती सैल करणे किंवा केवळ विचार बदलणे यांपेक्षा तिन्हींचा मेळ अधिक गुणकारी ठरतो. चांगला क्लब हे तिन्ही करतो, बहुधा त्यातले शास्त्र माहीत नसतानाच.

आजच्या क्लबांचा साचा एका माणसाने घडवला. राल्फ स्मेडली हा अमेरिकेतल्या वायएमसीए या संस्थेत शिक्षणविभाग सांभाळणारा कार्यकर्ता. संस्थेत येणाऱ्या तरुणांना सभा चालवता येत नाही, चार वाक्ये नीट बोलता येत नाहीत हे पाहून त्याने १९०५ साली इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन इथे सरावगट काढला. त्याची बदली झाली की गट विस्कटत. अखेर कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी, वायएमसीएच्या तळघरात २२ ऑक्टोबर १९२४ रोजी भरलेल्या बैठकीपासून जो क्लब सुरू झाला तो टिकला, आणि १९३२ साली ‘टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल’ ही संस्था रीतसर नोंदली गेली. योगायोग असा, की डेल कार्नेगीनेही आपले भाषणकलेचे वर्ग १९१२ साली न्यूयॉर्कमधल्या वायएमसीएतच सुरू केले होते. दोघांच्या वाटा मात्र वेगळ्या. कार्नेगीच्या वर्गाला फी होती, शिक्षक होता, अभ्यासक्रमाला शेवट होता. स्मेडलीने शिक्षकच काढून टाकला आणि त्याची कामे सभासदांत वाटून दिली.

या लोकशाहीला एक मोठे भोक होते. १९७३ सालापर्यंत संस्थेचे सभासदत्व फक्त पुरुषांना मिळे. हेलन ब्लँचार्ड ही अमेरिकी नौदलाच्या एका केंद्रात काम करणारी स्त्री १९७० साली ‘होमर’ या पुरुषी नावाने क्लबात दाखल झाली. १९८५ साली तीच संस्थेची पहिली स्त्री आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाली. आज संस्थेचे सुमारे दीडशे देशांत चौदा हजारांच्या आसपास क्लब आणि अडीच लाखांहून अधिक सभासद आहेत. मुंबई-पुण्यातही तिचे क्लब आहेत. काही वस्तीतले, सर्वांना खुले, तर काही कंपन्यांच्या आवारातले, फक्त कर्मचाऱ्यांसाठीचे.

महाराष्ट्राला एकत्र जमून बोलण्याची कल्पना परकी नव्हती. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली आणि तिच्या मराठी शाखेत, दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखालच्या ज्ञानप्रसारक सभेत, निबंध वाचले जाऊ लागले. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती आजही चालवणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाने गल्लोगल्ली व्याख्यानांची सोय केली. त्याहून जुनी परंपरा कीर्तनाची. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतून गावागावांतली मुले श्रोत्यांसमोर तासन्‌तास उभे राहण्याचे रीतसर शिक्षण घेत आली आहेत. चारशे माणसांपुढे अभंग सोडवून दाखवणाऱ्या कीर्तनकाराला कुणी सभाधीटपणा शिकवायला जाऊ नये.

तरीही या समृद्धीत एक उणीव राहून गेली. आचार्य अत्रे, नाथ पै, प्राचार्य शिवाजीराव भोसले, राम शेवाळकर अशा वक्त्यांनी मराठी श्रोत्यांचा कान तयार केला आणि त्याबरोबर एक मोजपट्टीही हातात दिली. वक्ता म्हटला की तो असा, ही ती मोजपट्टी. तिच्यापुढे गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पाणीपट्टीचा हिशोब मांडू पाहणारा खजिनदार, पालकसभेत उठून प्रश्न विचारू पाहणारी आई, शोकसभेत मित्राबद्दल पाच वाक्ये सांगू पाहणारा माणूस यांना जागाच उरत नाही. शाळा-कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धांनी ही दरी कमी केली नाही, उलट रुंदावली. शिक्षकांनी लिहून दिलेले, चढ्या आवाजात, ठरलेल्या हातवाऱ्यांसह म्हटलेले भाषण आणि ढालीवर कोरलेले नाव यांतून जे तयार होते ते पाठांतर. आणि वर्गातली उरलेली पन्नास मुले टाळ्या वाजवण्यापुरती राहतात. क्लबाचे खरे गिऱ्हाईक म्हणजे ही पन्नास मुले, मोठी झाल्यावर.

क्लबाच्या बैठकीचे तीन भाग असतात. पहिला तयारीच्या भाषणांचा. दोन ते चार सभासद साधारण पाच ते सात मिनिटांची भाषणे करतात. दुसरा ऐन वेळच्या विषयांचा : सूत्रधार एक प्रश्न टाकतो आणि ज्याचे नाव पुकारले जाईल त्याने क्षणभरात उठून एक ते दोन मिनिटे बोलायचे. तिसरा भाग मूल्यमापनाचा. प्रत्येक तयारीच्या भाषणावर एक सभासद दोन ते तीन मिनिटे बोलतो आणि शेवटी एक जण संपूर्ण बैठकीचाच हिशोब मांडतो. याखेरीज तीन बारीक कामे असतात. एक जण घड्याळ सांभाळतो. एक जण ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तर काय आहे की’, ‘बेसिकली’, ‘ॲक्च्युअली’ असले टेकू मोजतो. एक जण भाषेवर कान ठेवतो : कोणता शब्द नेमका वापरला गेला, कोणते वाक्य अडखळले.

यातले घड्याळ हे सर्वांत निर्दय आणि सर्वांत उपयोगी साधन. पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा किंवा कार्ड, सहाव्याला पिवळे, सातव्याला लाल. संस्थेच्या स्पर्धांत साडेचार मिनिटांच्या आत संपलेले किंवा साडेसात मिनिटांपुढे गेलेले भाषण बादच होते. ज्या समाजात अध्यक्षीय समारोप पाऊण तास चालतो आणि आभारप्रदर्शनाला तोपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात, तिथे ही शिस्त आरोग्यदायी म्हटली पाहिजे. सात मिनिटांत साधारण सातशे-आठशे शब्द बसतात. एवढ्या जागेत एकच मुद्दा मांडता येतो, आणि तो कोणता हे बोलणाऱ्याला आधी ठरवावे लागते. वेळेची मर्यादा ही अशा रीतीने विचाराची मर्यादा होते.

ऐन वेळच्या विषयांचा भाग नवख्यांना सर्वाधिक घाबरवतो आणि त्यांच्या रोजच्या गरजेला सर्वांत जवळचाही तोच असतो. नोकरीतल्या मुलाखतीला, साहेबाच्या अचानक प्रश्नाला, लग्नात कुणीतरी हातात कोंबलेल्या माइकला तयारीची भाषणे उपयोगी पडत नाहीत. इथे शिकण्याजोगी युक्ती साधी आहे : पहिले वाक्य प्रश्नाच्या उत्तराचे टाकावे, मग एक प्रसंग सांगावा आणि तिथेच थांबावे. सुरुवातीला थोडा वेळ गप्प राहिले तरी चालते, हे कळायलाही काही बैठका जाव्या लागतात. बोलणाऱ्याला तीन सेकंदांचे मौन फार लांब वाटते. ऐकणाऱ्याला तो विचार करतो आहे एवढेच जाणवते.

क्लबाची किंमत अखेर मूल्यमापनावर ठरते. ‘छान बोललात, आवाज चांगला आहे, असेच बोलत राहा’ असे मत कानाला गोड लागते, पण हाती काही देत नाही. उपयोगी मत वेगळे असते. उदाहरणार्थ : ‘आजोबांच्या सायकलीची गोष्ट सुरू झाली तेव्हा सगळ्यांच्या माना वर झाल्या; ती तिसऱ्या मिनिटाला आली, पहिल्याच वाक्यात आणून पाहा. शेवटी तीन वेळा समारोप झाला, पहिलाच पुरेसा होता.’ यात काय घडले, श्रोत्यांवर त्याचा काय परिणाम झाला आणि पुढच्या वेळी काय करून पाहावे, हे तिन्ही आहे. असे मत द्यायला भाषण फार बारकाईने ऐकावे लागते, आणि मूल्यमापन करणाराच त्यातून बहुधा जास्त शिकतो. मराठी माणसाला इथे दोन अडचणी येतात. वयाने मोठ्या माणसाची चूक चारचौघांत सांगायची कशी, हा एक संकोच. आणि चूक काढायची तर ती झोडपूनच, ही नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरून उचललेली सवय. काका-मावशी म्हणून ज्यांना हाक मारायची, त्यांना ‘तुमची नजर पूर्ण वेळ कागदावर होती’ असे आदराने सांगता येणे, हेही एक वक्तृत्वच आहे.

अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे क्रमाने वाढत जाणारी भाषणे. पहिले भाषण स्वतःची ओळख करून देणारे, चार ते सहा मिनिटांचे. कारण स्वतःविषयी बोलायला वेगळा अभ्यास लागत नाही. टोस्टमास्टर्सच्या जुन्या पुस्तिकेत अशी दहा भाषणे होती आणि प्रत्येकाचे लक्ष्य एकच असे : रचना, देहबोली, आवाजाचे चढ-उतार, संशोधन, मन वळवणे वगैरे. गेल्या दशकाच्या अखेरीस तिची जागा संगणकावरच्या, पाच पायऱ्यांच्या अभ्यासमार्गांनी घेतली. त्यांत भाषणाबरोबर नेतृत्व, प्रकल्प हाताळणे अशा गोष्टी आल्या. कंपन्यांना हे रुचले. एका वेळी एकच कसब, ही जुन्या पुस्तिकेची सरळ चाल मात्र त्यात काहीशी पातळ झाली.

एक साधे गणित नव्या सभासदाने आधीच करून ठेवावे. वीस सभासदांचा क्लब, पंधरवड्यातून एक बैठक, दर बैठकीला तीन तयारीची भाषणे असे धरले, तर एकाची पाळी साधारण सात बैठकांनी, म्हणजे साडेतीन महिन्यांनी येते. वर्षाला तीन-चार भाषणे. एवढ्याने कुणी वक्ता होत नाही. पण त्याच वर्षात चोवीस-पंचवीस बैठका होतात आणि प्रत्येक बैठकीत घड्याळवाला, टेकू मोजणारा, मूल्यमापक किंवा सूत्रसंचालक म्हणून दोन-तीन मिनिटे उभे राहायला मिळते. भीती मोडते ती या लहानसहान उभे राहण्यांतून. फक्त आपल्या भाषणाच्या दिवशी हजर राहणाऱ्याला क्लबाचा फारसा फायदा होत नाही. आणि भाषणाची खरी मेहनत बैठकीबाहेरच करावी लागते : मोठ्याने म्हणून पाहणे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकणे, निम्मे खोडणे. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना ओशाळल्यासारखे होते. त्याची सवय होते.

मर्यादा थोड्या नाहीत. शिक्षक नसल्यामुळे जिथे सगळेच नवखे, तिथे चुका एकमेकांना चिकटतात. आवाजाची फेक, श्वास, उच्चार यांसाठी नाट्यशिक्षक किंवा गायनगुरू जे देऊ शकतो ते क्लब देत नाही. तीव्र भीतीने ज्याचे रोजचे व्यवहार अडतात, त्याला मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. क्लब तिथे फार तर जोड म्हणून चालेल. दुसरी मर्यादा साच्याची. या चळवळीची जागतिक स्पर्धा १९३८ पासून चालत आली आहे आणि तिने एक शैली रुळवली : एक वैयक्तिक संकट, एक डोळे पाणावणारा क्षण, एक टाळीचे वाक्य, आणि मंचभर मोजून टाकलेली पावले. काही क्लबांत ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकावरचे भाषणही याच चालीवर होते. मजकुराची, युक्तिवादाची, आकडा खरा की खोटा याची तपासणी मूल्यमापनात क्वचितच होते. कसे बोलला यावर तीन मिनिटे जातात, काय बोलला यावर कुणी बोलत नाही. वादविवाद मंडळांत हे घडत नाही, कारण तिथे समोर खोडून काढणारा प्रतिपक्ष बसलेला असतो. ज्याला युक्तिवाद शिकायचा आहे त्याने तिकडेही जावे.

तिसरी मर्यादा भाषेची. क्लब कोणत्याही भाषेत चालवायला मुभा आहे, पण महाराष्ट्रातल्या बहुतेक क्लबांचा कारभार इंग्रजीत चालतो, आणि अनेक जण तिथे भाषणापेक्षा इंग्रजी सुधारायलाच जातात. त्यात गैर काही नाही. फक्त दोन भीती एकावर एक रचल्या जातात आणि कोणती कमी झाली हे कळत नाही. टोस्टमास्टर्सचा अभ्यासक्रम तमिळमध्ये उपलब्ध झाला, मराठीत झाला नाही. मराठीत बोलण्याची गरज मात्र वाढते आहे. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा राखून ठेवल्या. सरपंच झालेल्या बाईंना ग्रामसभेत प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात, तालुक्याच्या बैठकीत गावाचे म्हणणे मांडावे लागते, आणि पतीने किंवा दिराने त्यांच्या वतीने बोलण्याची वाईट प्रथा मोडायची तर सरावाची जागा हवी. बचत गटांच्या बैठकांत त्याची सुरुवात काही प्रमाणात होते : हिशोब वाचणे, ठराव मांडणे, बँकेच्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारणे. तालुक्याच्या गावांत जेसीज ही संघटनाही प्रभावी भाषणाची शिबिरे आणि स्पर्धा घेत आली आहे. ती सहसा एक-दोन दिवसांत आटोपतात.

२०२० च्या टाळेबंदीत क्लब संगणकाच्या पडद्यावर गेले आणि काही तिथेच राहिले. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला पुण्यातल्या बैठकीत भाग घेता येऊ लागला, हा मोठा लाभ. पडद्यापुढे नजर, स्वर आणि वेळ यांचा सराव होतो. पण खोलीतली शांतता, तिसऱ्या रांगेतली जांभई, चालत जाऊन माइकपर्यंत पोहोचण्याची ती दहा पावले यांचा होत नाही.

क्लब निवडताना पाहुणा म्हणून दोन-तीन बैठकांना जाऊन बसावे. पाहुण्यांकडून सहसा पैसे घेत नाहीत. पाहायच्या गोष्टी मोजक्याच. बैठक वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपते का. मूल्यमापनात नेमके काही सांगितले जाते का, की नुसती स्तुती होते. जुने सभासद नव्यांना कामे देतात, की तेच चार जण दर वेळी माइक धरतात. पदे, पट्टे आणि पुरस्कार यांची चर्चा भाषणांपेक्षा जास्त होत असेल तर दुसरा क्लब शोधावा. घरापासूनचे अंतरही क्षुल्लक नाही : पावसाळ्यातल्या संध्याकाळी जिथे जाववत नाही, त्या क्लबाचे सभासदत्व वर्षभर टिकत नाही.

जवळ क्लब नसेल तर काढता येतो. टोस्टमास्टर्सशी रीतसर संलग्न व्हायचे तर साधारणपणे वीस सभासद आणि डॉलरमध्ये ठरलेली सहामाही वर्गणी लागते. संलग्नता नको असेल तर आठ माणसे पुरतात. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत संध्याकाळी रिकामा हॉल असतो. नव्वद मिनिटांत दोन तयारीची भाषणे, चार ऐन वेळचे विषय, प्रत्येक भाषणावर तीन मिनिटांचे मत आणि शेवटी पुढच्या बैठकीची कामे वाटणे, एवढे सहज बसते. साहित्यात एक घड्याळ, तीन रंगांचे पुठ्ठे आणि एक वही. वहीत कोण बोलले, किती मिनिटे बोलले आणि त्याला पुढच्या वेळेसाठी कोणती एक सुधारणा सुचवली हे लिहावे. पुढच्या भाषणाआधी ती ओळ मूल्यमापकाला वाचून दाखवावी, म्हणजे सुचवलेले झाले की नाही हे पाहता येते. ध्वनिक्षेपक सुरुवातीला टाळलेला बरा, आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचवण्याची सवय त्याशिवाय लागत नाही. हार, शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे यांना पहिल्या दिवसापासूनच रजा द्यावी, नाहीतर नव्वदपैकी चाळीस मिनिटे त्यातच जातात.